श्वासाची नळी आणि खाटेचं डोकं

परळीत वैद्यकाच्या इतिहासावर बोलायचं म्हणजे सुरुवात देवळापासून करावी लागते, त्याला इलाज नाही. वैद्यनाथ, वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी, दोघांनाही दैत्यांपासून लपवण्यासाठी या लिंगात ठेवलं, ही कथा तुम्हा परळीकरांना माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. पण आज मी ज्याबद्दल बोलणार आहे त्यात अमृत वगैरे काही नाही. आजचा विषय आहे लाळ. लाळ, थुंकी, खाटेचा कोन आणि दात घासायचा ब्रश. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या माणसाला तिथेच, आपल्या देखरेखीखाली होणारा न्यूमोनिया, आणि तो होऊ नये म्हणून गेल्या सत्तर वर्षांत माणसांनी केलेल्या खटपटी.

मी या विषयाकडे कसा आलो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कशासाठी चाललंय ते कळेल. मी निवासी डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. मराठवाड्यातलंच एक सरकारी रुग्णालय, नाव सांगत नाही. पंचविशीतला एक शेतकरी मुलगा कीटकनाशक पिऊन आला. त्या रात्री एकही व्हेंटिलेटर मोकळा नव्हता. घशात नळी घातली, नळीला अंबू बॅग जोडली आणि ती बॅग दाबायला त्याच्या वडिलांना बसवलं. "काका, तुम्ही श्वास घ्याल तसं दाबत राहा." त्या माणसाने पहाटेपर्यंत बॅग दाबली. सकाळी व्हेंटिलेटर मिळाला. पाचव्या दिवशी मुलगा शुद्धीवर आला, वडिलांचा हात धरला. विष उतरत होतं, आम्ही खूश होतो. आठव्या दिवशी ताप. नळीतून पिवळा, घट्ट कफ यायला लागला. बाराव्या दिवशी तो गेला. वडिलांनी मला एकच विचारलं, "विष तर उतरलं होतं ना, साहेब?" उतरलं होतं. पण कागदावर मृत्यूचं कारण विषबाधा असंच लिहिलं गेलं. मीच लिहिलं.

म्हणजे हा अशा एका आजाराचा इतिहास आहे जो बरीच वर्षं मोजलाच गेला नाही.

आता आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. निरोगी माणसाच्या घशात दिवसभर लाळ तयार होते आणि आपण ती नकळत गिळतो. झोपेत थोडीशी चुकून श्वासनलिकेत जातेच, पण खोकला येतो, फुप्फुसं ती बाहेर काढतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली की हे सगळं बंद पडतं. नळी स्वरयंत्राच्या मधून जाते, त्यामुळे दार कायमचं उघडं. खोकला औषधांनी दबलेला. नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, तो फुगवून श्वासनलिकेची भिंत आणि नळी यांच्यातली फट बंद करतात. पण तो फुगा काही बरणीच्या झाकणासारखा घट्ट बसत नाही. त्याला बारीक सुरकुत्या पडतात. फुग्याच्या वर लाळेचं डबकं साचतं आणि त्या सुरकुत्यांमधून थेंब थेंब खाली झिरपतं. त्या लाळेत त्या वॉर्डातले जंतू असतात. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा एक बुळबुळीत थर धरतो तो वेगळाच. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ना, तसा. नळी घातल्यावर ४८ तास उलटून गेल्यानंतर जो न्यूमोनिया होतो, त्याला 'व्हेंटिलेटरशी संबंधित' म्हणायची पद्धत आहे. खरं तर नाव नळीचं हवं होतं. यंत्र बिचारं बाहेर उभं असतं.

हे लक्षात ठेवा, कारण पहिली वीस-तीस वर्षं सगळे यंत्राच्याच मागे लागले होते.

इतिहासात जरा मागे जातो, आणि तेही आपल्याच राज्यात. आपलं म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानात. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. क्लोरोफॉर्म दिल्यावर काही माणसं टेबलावरच दगावायची. ती हृदय थांबून मरतात की श्वास थांबून, असा वाद होता. एडवर्ड लॉरी हा तिथला इंग्रज सर्जन. सहावे निजाम महबूब अली खान यांनी खर्च उचलला, 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन या नामवंत डॉक्टरांना पाठवलं, आणि शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा की नाडी बघत बसू नका, श्वासाकडे बघा. तो निष्कर्ष पुढे अर्धवट ठरला; १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयही अचानक फडफडून थांबतं. पण 'श्वासावर लक्ष ठेवायला एक माणूस हवा' हा लॉरींचा धडा टिकला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी भूल द्यायचं काम शिकल्या. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात निजाम म्हटलं की रझाकारच येतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता कोपनहेगन. १९५२ चा ऑगस्ट. डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम हे साथरोगांचं रुग्णालय, तिथे ऐन भरात रोज पन्नासेक रुग्ण येत होते. त्यांत घसा आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेले कितीतरी. त्या काळी श्वासाचं यंत्र म्हणजे 'आयर्न लंग', लोखंडी फुप्फुस. अमेरिकेत १९२८ मध्ये ड्रिंकर आणि शॉ यांनी बनवलेली एक मोठी पेटी. माणसाला मानेपर्यंत आत घालायचं आणि पेटीतली हवा कमीजास्त करून छाती हलवायची. ब्लेगडॅममध्ये अशी पेटी एकच होती, आणि छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास गेलेले ३१ रुग्ण यंत्रावर ठेवले, त्यातले २७ मेले.

तिथले प्रमुख लासेन यांनी शेवटी एका भूलतज्ज्ञाला बोलावलं, ब्योर्न इब्सेन. त्या काळी भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहाबाहेर यायचं नसतं, अशी समजूत होती. इब्सेन यांनी मेलेल्या चौघांची शवविच्छेदनं पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं की यांची फुप्फुसं इतकी वाईट नव्हती. हवाच पुरेशी पोचली नव्हती, आणि घशातली लाळ आत जात होती. २७ ऑगस्टला व्हिवी एबर्ट या बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन त्यांनी फुगा असलेली नळी आत घातली आणि रबरी पिशवीने हवा भरायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग ही पद्धत सगळ्यांना लागू झाली. पण पिशवी दाबायला हात कुणाचे? वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं. पाळ्या लावून सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी महिनोन्महिने पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून हळूहळू पंचवीस टक्क्यांच्या आसपास आलं. पुढच्या वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच जो कक्ष उभा केला, तो जगातला पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो.

आपण अंबू बॅग म्हणतो ती याच देशातली. १९५६ मध्ये हेसे आणि रूबेन या दोघांनी स्वतःहून फुगणारी पिशवी बाजारात आणली, 'अंबू' हे त्यांनी दिलेलं नाव. मराठवाड्यात मात्र अंबू म्हटलं की आपल्याला योगेश्वरी अंबाच आठवते. अंबाजोगाईच्या एका मावशींनी मला खरंच विचारलं होतं, ही पिशवी आपल्या देवीच्या नावाची का म्हणून. मी हो म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

कोपनहेगनला पिशव्या दाबणारे विद्यार्थी पगारी होते, पाळी संपली की घरी जायचे. आपल्याकडे बाप दाबतो, भाऊ दाबतो, रात्रभर. ही गोष्ट मी कौतुकाने सांगत नाही. थकलेला हात कधी जोरात दाबतो, कधी विसरतो, आणि हात धुवायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि यातली गंमत, म्हणजे वाईट अर्थाने गंमत, बघा. इब्सेन यांनी फुगा असलेली नळी घातली ती लाळ फुप्फुसात जाऊ नये म्हणूनच. पोलिओत घसा लुळा पडल्यावर माणूस आपल्याच लाळेत बुडून मरायचा. तो फुगा हा खरं तर न्यूमोनिया टाळायचा पहिला उपाय. दोन-चार दिवसांसाठी तो उत्तम चालतो. नळी दोन-तीन आठवडे राहायला लागली तेव्हा त्याच फुग्याच्या डोक्यावर डबकं साचायला लागलं.

मुंबईत ही लढाई पोलिओपेक्षा धनुर्वातावर लढली गेली. तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल, गंजका खिळा, शेणामातीत जखम, दाताची कवळी बसणं, शरीर धनुष्यासारखं वाकणं. मुंबईच्या रुग्णालयांत धनुर्वाताचे इतके रुग्ण असायचे की १९६३ मध्ये या आजारावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईतच भरली. डॉ. जे. सी. पटेल आणि डॉ. बी. सी. मेहता यांनी तर ८,६९७ रुग्णांचा अभ्यास छापला. तीव्र धनुर्वातात झटके थांबवायचे तर स्नायू पूर्ण सैल पाडणारं औषध द्यावं लागतं. ते दिलं की श्वासही बंद. मग गळ्याला छेद, नळी आणि व्हेंटिलेटर, आणि हे आठवडेच्या आठवडे. जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी या रुग्णांसाठी अतिदक्षतेची व्यवस्था उभी केली आणि १९८७ मध्ये १५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला: एकूण मृत्यू ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर. पण धनुर्वाताचं विष थांबवलं तरी तीव्र रुग्णांना फुप्फुसांचा संसर्ग गाठायचा. त्या काळच्या वॉर्डात या संसर्गाविरुद्ध जे काम चालायचं त्याचं श्रेय मी सिस्टर लोकांना देतो. स्वच्छ हाताने नळीतला कफ ओढून काढणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, छातीवर थोपटणं. याचं कुणी नाव लिहून ठेवलेलं नाही. नवजात बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. ते काम व्हेंटिलेटरने केलेलं नाही, लशीने आणि स्वच्छ बाळंतपणाने केलं. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

साठच्या दशकात अमेरिकेत यंत्रं भराभर वाढली आणि त्याबरोबर एक नवाच न्यूमोनिया दिसायला लागला. पूर्वी न्यूमोनियाचे जंतू ठरलेले असायचे. आता शवविच्छेदनात फुप्फुसं कुजलेली दिसायची आणि जंतू निघायचे ते पाण्यात, ओलाव्यात राहणारे, स्यूडोमोनास वगैरे. डलासमधल्या सॅनफर्ड, पियर्स आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये शोध लावला की हवा ओलसर करणाऱ्या भांड्यांतच हे जंतू वाढत होते, आणि यंत्र त्यांचा बारीक तुषार करून थेट फुप्फुसात फवारत होतं. आपल्या उन्हाळी कूलरच्या टाकीत पाणी बदललं नाही तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. त्यांनी त्या भांड्यांतून सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड फिरवलं, म्हणजे पातळ शिरकाच, आणि अशा कुजणाऱ्या न्यूमोनियाचं प्रमाण कमी झालं. स्वस्त उपाय, मोठं यश.

पण पूर्ण यश नाही. यंत्र स्वच्छ केलं तरी न्यूमोनिया उरलाच. तेव्हा त्याच गटातल्या जोहान्सन यांनी १९६९ मध्ये रुग्णांच्या घशातल्या लाळेचे नमुने तपासले. निरोगी माणसाच्या घशात हे जंतू जवळजवळ नसतात. रुग्णालयात राहणाऱ्याच्या घशात येतात, आणि माणूस जितका जास्त आजारी तितके जास्त. यंत्राशी त्यांचा संबंध असो वा नसो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा निबंध हा. चोर बाहेरून येत नव्हता, तो घरातच राहायला आला होता.

असं असूनही आम्ही डॉक्टर मंडळींनी यंत्राचा नाद सोडला नाही. व्हेंटिलेटरच्या प्लास्टिकच्या नळ्या रोज बदलायचा नियम होता, काही ठिकाणी दिवसातून दोनतीनदा. १९८२ मध्ये बॉस्टनच्या क्रेव्हन यांनी विचारलं, ४८ तासांनी बदलल्या तर? काही बिघडलं नाही. १९९१ मध्ये फ्रान्समध्ये ड्रेफस यांनी पाहिलं, बदलल्याच नाहीत तर? तरी काही बिघडलं नाही. उलट दर वेळी नळी उघडली की तिच्यात साचलेलं घाण पाणी रुग्णाच्या दिशेने वाहण्याची भीती. म्हणजे किती वर्षं आपण पैसे खर्च करून रुग्णाला त्रासच देत होतो! मी शिकत असताना आमच्याकडे रोज नळ्या बदलणं हे चांगल्या वॉर्डाचं लक्षण समजलं जायचं. काही ठिकाणी अजूनही समजतात.

मग आलं खाटेचं डोकं. बार्सिलोनाच्या टोरेस यांनी १९९२ मध्ये एक चतुर प्रयोग केला. नाकातल्या नळीवाटे रुग्णाच्या पोटात किंचित किरणोत्सारी द्रव सोडला आणि मग फुप्फुसातल्या कफात तो किती सापडतो ते मोजलं. उताणं झोपवलेल्या माणसात जास्त, अर्धवट बसवलेल्यात कमी. म्हणजे पोटातलंही वर येऊन खाली जातंय. १९९९ मध्ये त्याच गटातल्या द्राकुलोविच यांनी ८६ रुग्णांवर चाचणी केली. उताण्या रुग्णांत न्यूमोनियाचा संशय ३४ टक्क्यांत, डोकं ४५ अंश वर ठेवलेल्यांत ८ टक्क्यांत. फरक इतका होता की चाचणी मधेच थांबवली. औषध नाही, यंत्र नाही. उशी.

सोपं वाटतं ना? नाही. २००६ मध्ये डच डॉक्टरांनी मोजून पाहिलं. ४५ अंशांचा आदेश असताना प्रत्यक्षात खाट सरासरी ३० अंशांच्याही खालीच राहत होती. रुग्ण खाली घसरतो. चादर बदलायला खाट सपाट करतात, एक्स-रे काढायला सपाट करतात, परत वर करायची राहते. आपल्याकडे तर हँडल फिरवायच्या खाटा, निम्म्या हँडलचे दात झिजलेले. डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा ठेवून काम भागवलेलं मी पाहिलंय, आणि ते वाईट काम नव्हतं. रात्रपाळीला तीसेक अंश राखले तरी पुष्कळ झालं.

इथे बसलेल्या थर्मलच्या मंडळींना पुढचं चटकन कळेल. १९७१ पासून या गावात वीज बनते आहे. कंट्रोल रूममध्ये दर तासाला रीडिंग, पाळी बदलताना लॉगबुक, सही केल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. बॉयलरला कुणी 'बहुतेक ठीक असेल' म्हणत नाही. रुग्णालयांना ही शिस्त सुचायला २००४ साल उजाडलं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट या संस्थेने व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णासाठी चार गोष्टींचं एक 'बंडल' बांधलं: डोकं वर, झोपेचं औषध रोज काही वेळ थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का ते पाहणं, पोटातल्या अल्सरसाठी औषध, आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्यांसाठी औषध. आता शेवटच्या दोघांचा न्यूमोनियाशी थेट संबंध नाही, अल्सरचं औषध तर आम्लता कमी करून जंतूंना मदतच करू शकतं. पण यादी भिंतीवर लागली आणि रोज कुणीतरी टिक करायला लागलं, याचाच बराच फायदा झाला असावा. चारपैकी सगळ्यात मोलाची दुसरी. शिकागोच्या क्रेस यांनी २००० मध्ये दाखवलं होतं की झोपेचं औषध रोज थांबवून रुग्णाला जागं केलं तर तो यंत्रावरून लवकर सुटतो. नळी जितक्या लवकर निघेल तितका न्यूमोनिया कमी. यापेक्षा मोठं तत्त्व या विषयात नाही.

मिशिगन राज्यातल्या १०० हून जास्त अतिदक्षता विभागांनी अशी यादी वापरली आणि २०११ मध्ये जाहीर केलं की व्हेंटिलेटरच्या दर हजार दिवसांमागे न्यूमोनियाचा मध्यांक साडेपाचावरून शून्यावर आला. शून्य! टाळ्या वाजल्या. पण मी इथे थोडा थांबतो. शून्य हा आकडा आला की इतिहास वाचणाऱ्याने जरा कान टवकारावेत. हा न्यूमोनिया ठरवायचा कसा? ताप, कफ, एक्स-रेवरचा डाग. तिन्ही गोष्टींत मत लागतं. ज्या विभागाचे पैसे आणि नाव या आकड्यावर अवलंबून आहे, त्याच विभागातला माणूस डाग बघणार असेल तर डाग फिका दिसायला लागतो. २०१६ मध्ये मेटर्स्की यांनी बाहेरच्या तपासनिसांनी एकाच पद्धतीने पाहिलेल्या नोंदी तपासल्या. २००५ ते २०१३ या काळात या रुग्णांतला न्यूमोनिया दहा टक्क्यांच्या आसपासच राहिला होता, कमी झालाच नव्हता. लबाडी केली असं मी म्हणत नाही. मीही कागदावर विषबाधा लिहिलं होतं, तेव्हा मला ती लबाडी वाटली नव्हती.

आपल्याकडचे आकडे. २००७ मध्ये भारतातल्या सात शहरांतल्या अतिदक्षता विभागांचा एकत्र अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे १०.४६ न्यूमोनिया. २०१३ मध्ये दहा शहरांतल्या २१ विभागांचा दुसरा. शिकवण, हातांची स्वच्छता, रोजची मोजणी यांनंतर १७.४३ वरून १०.८१, म्हणजे ३८ टक्क्यांची घट. मला हा आकडा शून्यापेक्षा जास्त खरा वाटतो. पण शहरं बघा ही. ज्यांना मोजायला माणूस ठेवणं परवडतं तीच रुग्णालयं मोजतात. परळीतून रात्री दोनला निघालेली रुग्णवाहिका पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईला जाते, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात. ग्रामीण भागासाठीचं आशियातलं पहिलं असं आपण अभिमानाने सांगतो ते. तिथे आणि अशा सगळ्या ठिकाणी येणारा रुग्ण शहरी अहवालातल्या रुग्णासारखा नसतो. तो विषबाधेचा असतो, सर्पदंशाचा असतो, उशिरा आलेला असतो, वाटेत एकदा उलटी फुप्फुसात गेलेली असते.

कोविडमध्ये तर सगळ्यांनाच व्हेंटिलेटर हा शब्द पाठ झाला. मराठवाड्यात आलेल्या सदोष व्हेंटिलेटरचा प्रश्न मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला, वर्तमानपत्रांत यंत्रांची मोजदाद झाली. यंत्र चालू असलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण एका यंत्रामागे किती सिस्टर, हे कुणी विचारलं का? कोविडच्या रुग्णांत हा न्यूमोनिया नेहमीपेक्षा जास्त झाल्याचं अनेक देशांत दिसलं, आणि त्याची कारणं शोधताना रुग्ण जास्त आणि हात कमी, ही गोष्ट टाळता येत नाही. एक सिस्टर सहा नळ्यांचा कफ काढत असेल तर हात धुवायचे कधी?

तोंडाच्या स्वच्छतेची गोष्ट राहिली. नव्वदच्या दशकात क्लोरहेक्सिडीन नावाच्या जंतुनाशकाने तोंड पुसायची पद्धत आली, ती हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या चाचणीवरून. ती सगळ्या जगाने उचलली, बंडलमध्येही घातली. २०१४ मध्ये क्लॉम्पस यांनी सगळ्या चाचण्या पुन्हा एकत्र मांडल्या. बाकीच्या रुग्णांत न्यूमोनियाचा फायदा स्पष्ट दिसेना, आणि मृत्यू कदाचित वाढत असावेत अशी शंका आली. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शनात ते काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं, दात घासा. साधा ब्रश. पुढच्याच वर्षी आलेल्या आढाव्यात ब्रशने रुग्णालयातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो असं दिसलं, आणि तो फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत. आपल्या वॉर्डात हे काम मावशी आणि नातेवाईक शिकू शकतात, फक्त नळी हलू न देता आणि सिस्टरसमोर. बॅग दाबायला जो बाप बसवता येतो, त्याला ब्रश आधी शिकवता येईल.

आणि आता तो शेवटचा मुद्दा, धनुर्वाताच्या वेळी राखून ठेवलेला. नळीचा न्यूमोनिया टाळायचा उत्तम मार्ग म्हणजे नळीच न लागू देणं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी डॉक्टर असताना लाल विंचवाच्या दंशाने मुलं फुप्फुसात पाणी भरून मरताना त्यांनी पाहिली. दंश झालेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा मरत होता. ऐंशीच्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वेळेवर द्यायला सुरुवात केली आणि मृत्यू एखाद्या टक्क्यावर आले. ती मुलं व्हेंटिलेटरपर्यंत पोचलीच नाहीत. श्रीलंकेने नव्वदच्या दशकात सगळ्यात जहरी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दशकात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. माझा तो पंचविशीतला रुग्ण अशा देशात असता तर कदाचित नुसत्या उलट्या होऊन घरी गेला असता.

मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं, म्हणजे पुन्हा नळी, पुन्हा आठवडाभर व्हेंटिलेटर. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून कोयता घेऊन जी माणसं कारखान्यांकडे निघतात ती पाच-सहा महिने कोप्यांमध्ये जमिनीवर झोपतात, लेकरांसकट. नेपाळच्या तराईत केलेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना असे दंश फारच कमी झाल्याचं दिसलं होतं. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचलेली हवी, नुसती वरून टाकलेली नको. गाड्या भरायला अजून अवकाश आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या ओळखीत मुकादम असतील त्यांनी उचल देताना मच्छरदाण्यांचं बोलणं काढून बघावं.

माझी वेळ संपली आहे. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांना आधी माइक द्या.